जिभेला चावतं तरी काय?

आषाढ अमावास्येची रात्र सरली की जळगावात एक मौज बघायला मिळते. आदल्या रात्री ज्या टेबलाभोवती बाटल्यांची गर्दी होती, तिथेच दुसऱ्या संध्याकाळी तीच चार माणसं बसलेली असतात. तोच भत्ता, तेच खारे शेंगदाणे, तीच तिखट शेव, तेच राजकारण. बदल एवढाच की आता टेबलावरच्या बाटल्या हिरवट, जाड काचेच्या आहेत आणि प्रत्येकीच्या गळ्यात एकेक गोटी अडकलेली आहे. पंचांगात ही अमावास्या म्हणजे दिव्यांची अवस. आमच्या मंडळींच्या भाषेत 'गटारी'. आणि गटारीनंतर? श्रावण. महिनाभर बंद!

माझा एक पारोळ्याचा मित्र कित्येक वर्षं असा श्रावण पाळतो. गेल्या वर्षी पहिल्याच संध्याकाळी त्याने अंगठ्याने गोटी आत दाबली. फट्ट आवाज झाला, फेस वर आला. त्याने डोळे मिटून मोठा घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, "हाऊ सोडा जीभले चावस ना, भो!" ही तक्रार नव्हती. चेहऱ्यावर समाधान होतं.

तेव्हापासून तो प्रश्न मलाच चावतो आहे. नुसतं पाणी, त्यात थोडा वायू. मग हे दात कुणाचे?

यात काय विचारायचं, बुडबुडे फुटतात आणि टोचतात, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच समजत होतो. पण ही समजूत तपासायची कशी? बिनबुडबुड्यांचा सोडा आणायचा कुठून? फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी नामी युक्ती काढली. बाटली उघडली की वायूवरचा दाब उतरतो, म्हणून तो बुडबुडे होऊन बाहेर पळतो. मग दाब उतरूच दिला नाही तर? त्यांनी माणसांनाच दाबाच्या बंद खोलीत बसवलं आणि तिथे सोडा पाजला. पेला उघडा, वायू पाण्यात पूर्ण मुरलेला, आणि बुडबुडा औषधालाही नाही. २०१३ साली त्यांनी निकाल सांगितला: सोडा तेवढाच चावला! बुडबुडे बिचारे निर्दोष होते.

दुसरा पुरावा तर थेट बर्फाच्या डोंगरावरून आला. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून गिर्यारोहक असिटाझोलामाइड नावाची गोळी घेतात. शिखर सर झाल्याच्या आनंदात त्यांनी बिअर फोडली, तर ती भांडी विसळलेल्या पाण्यासारखी लागली. फेस होता, बुडबुडे होते, चव मेली होती. का? ही गोळी शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडते. त्याचं नाव कार्बनिक अनहायड्रेज.

हे विकर म्हणजे कारागिरीचा कळस. कर्बवायू, म्हणजे सोड्यातला वायू, आणि पाणी दिसलं की ते त्यांचं आम्ल करून टाकतं. किती वेगाने? एकेक रेणू सेकंदाला लाखो वेळा हे काम उरकतो. तुमच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत ते ठासून भरलेलं आहे. शरीरभर तयार झालेला कर्बवायू रक्तातून फुप्फुसापर्यंत नेण्याचं काम त्याच्याशिवाय चालत नाही. आणि २००९ साली कळलं की जिभेवरच्या, आंबट ओळखणाऱ्या पेशींच्या अंगावरही ते चिकटून बसलेलं आहे. सोड्याचा घोट आला की तिथल्या तिथे आम्ल तयार. जीभ ओरडते: आंबट! शिवाय मोहरीची फोडणी नाकात झणझणली की ज्या मज्जातंतूंना कळतं, तेही या आम्लाने जागे होतात. म्हणजे सोडा पिताना आपण अर्धी चव घेतो आणि अर्धी वेदना. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या आणि वर आणखी मागणाऱ्या खान्देशी माणसाला ही वेदना गोड का लागते, हे काय समजावून सांगायचं?

आता त्या बाटलीकडे बघा. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली तिचं पेटंट पक्कं केलं. तिला बूच नाही, पत्र्याचं झाकण नाही. झाकण घालतो तो आतला वायूच. बाटली उलटी धरून भरतात. गोटी आपल्या वजनाने घरंगळत तोंडाशी येते, तिथे रबराची चकती बसवलेली असते. बाटली सरळ केली तरी गोटी खाली पडत नाही, कारण आतून वायू तिला रेटून धरतो. ज्या कैद्याला कोंडायचं, त्यालाच दाराला खांदा लावून उभं करायचं! युरोपात ही बाटली केव्हाच संग्रहालयात गेली. आपल्याकडे ती अजून हातगाडीवर आहे, धुतली जाते, पुन्हा भरली जाते. कॉडसाहेबाने धुळ्याचा आग्रा रोड पाहिला असता तर त्याचा जीव गलबलला असता.

पण सोड्याचा जन्म कुठे झाला, हे कळल्यावर मी खुर्चीतून उठलोच. तो जन्मला दारूच्या भट्टीवर. जोसेफ प्रीस्टली नावाचा धर्मोपदेशक १७६७ साली इंग्लंडात लीड्स गावी बिअरच्या कारखान्याशेजारी राहायला आला. आंबत ठेवलेल्या पिंपांवर एक जड हवा साचून राहते, हे त्याच्या लक्षात आलं. जळती काडी त्या हवेत नेली की विझे. त्याने पिंपावर पाण्याचं भांडं धरलं, ती हवा पाण्यात मुरवली आणि चाखून बघितली. १७७२ साली त्याने हे पाणी घरी कसं करायचं याची पुस्तिकाच काढली. तर श्रावणात माझा मित्र दारू सोडून जे पितो, ते दारूचं सख्खं भावंड आहे. एकाच पिंपात दोघं जन्मली. एक खाली द्रवात राहिलं, दुसरं वर हवेत गेलं.

दोन भावंडं का? इथे जरा थांबू, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीतली खरी जादू इथे आहे.

रावेर-सावद्याकडे केळीची काढणी बघितली आहे ना? माल कितीही तयार असो, रिकामे कॅरेट नसतील तर काम ठप्प. भरलेले कॅरेट कुठेतरी ओतायचे, रिकामे करून परत आणायचे, मगच पुढचे घड निघतात. पेशीतही हुबेहूब असंच चालतं. साखर फोडून ऊर्जा काढताना हायड्रोजन सुटतो. तो भरून न्यायला पेशीकडे मोजकेच कॅरेट असतात. प्राणवायू भरपूर असेल तर माल शेवटी त्याच्या गळ्यात मारता येतो. पण पिंपाच्या तळाशी प्राणवायू कुठला? मग यीस्ट काय करतं? अर्धवट फुटलेल्या साखरेचा एक तुकडा छाटून फेकतं. तो झाला कर्बवायू. उरलेल्या तुकड्यावर कॅरेट ओतून मोकळं होतं. ते झालं अल्कोहोल. राजवाड्यातल्या मैफली, कवींच्या ओळी, संसारांची राखरांगोळी, सगळं ज्यापायी घडलं ती वस्तू म्हणजे एका सूक्ष्म जीवाने कॅरेट रिकामे करताना टाकलेला कचरा!

दह्यातला जिवाणूही याच वळणावर येतो. साखर तीच, अडचण तीच. पण तो तुकडा छाटत नाही. आहे त्याच तुकड्यावर कॅरेट ओततो, आणि तयार होतं लॅक्टिक आम्ल. आंबट दही. त्यात पाणी, मीठ, जिरं, आलं, कोथिंबीर घातली की लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा. बिअर आणि मठ्ठा यांच्यातलं अंतर मोजायचं तर शेवटची एक-दोन पावलं. आणि जिना धावत चढताना तुमच्या पायांचे स्नायू कोणाची वाट धरतात? दह्याची. आपल्या स्नायूंना यीस्टची युक्ती येत नाही. येत असती तर मैदानाला फेऱ्या मारून माणसं झिंगत घरी आली असती.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-शिरपूरकडे, ही दुफाट्याची वाट झाडाखालीच दिसते. चैत्रात पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. पांढरट, मांसल, मण्यासारखी. वाळवलेल्या फुलाच्या वजनात जवळजवळ अर्धी साखर. आंबवून गाळली तर दारू. तीच फुलं भाजून-कुटून खाल्ली तर पोटाला आधार देणारं अन्न, आणि भिल्ल-पावरा घरांत टंचाईच्या दिवसांत ती खाल्लीही जातात. शिंदीच्या झाडाची नीराही अशीच. रात्री मडक्यात थेंब थेंब उतरते, पहाटे प्यायली तर गोड आणि गार. मडक्याला आतून चुना लावतात तो यीस्टला थोपवायला. ऊन चढलं की यीस्टचा कारखाना सुरू, आणि दुपारपर्यंत नीरेची ताडी! एकच झाड सकाळी एक पेय देतं आणि दुपारी दुसरं.

मग पोटात गेलेल्या अल्कोहोलचं काय होतं? हा धक्का मला सर्वांत जास्त आवडतो. यीस्टने शेवटचं जे पाऊल टाकलं, तेच आपलं यकृत उलटं टाकतं. अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड. बाहेर पिंपात जो धागा विणला गेला, तो आत उसवला जातो, आणि दोन्हीकडे एकाच जातीचं विकर राबतं. मधलं हे ॲसिटाल्डिहाइड मोठं त्रासदायक. सकाळचं डोकं आणि मळमळ यांत त्याचा हात असतो, म्हणून यकृत त्याला लगोलग पुढे ढकलतं आणि निरुपद्रवी करतं.

पण दारूचं विकर आपल्याकडे आलंच कशाला? देशी दुकानं तर परवाची. जीवशास्त्रज्ञांनी माकडकुळातली जुनी विकरं पुन्हा घडवून तपासली, तेव्हा असं दिसलं की सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी, आपला, चिंपांझीचा आणि गोरिलाचा जो सामाईक पूर्वज होता, त्याच्या पोटातल्या एका विकरात एकच बदल झाला आणि अल्कोहोल फोडण्याची त्याची ताकद सुमारे ४० पट वाढली. तोच काळ हे पूर्वज झाडावरून जमिनीवर जास्त वावरू लागल्याचा. जमिनीवर काय असतं? गळालेली, अतिपिकली, आंबू लागलेली फळं. ज्याला ती पचली तो तगला. तुम्हाला हे लांबचं वाटत असेल तर घरातल्या केळीच्या फणीकडे बघा. साल काळी पडलेल्या केळ्यात अल्कोहोलचा अगदी नगण्य अंश असतोच. श्रावणातल्या शिकरणीतही! घाबरू नका, उपास मोडत नाही.

यकृत मात्र आपल्याच चालीने चालतं. तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम, बस्स. ६५० मिलीच्या, ५ टक्क्यांच्या बिअरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे एका बाटलीला तीन तास धरा. 'स्ट्राँग' असेल तर चार-पाच. लिंबू चोखा, काळा चहा घ्या, डोक्यावर घागर ओता. यकृताची खिडकी एकच आणि रांग आपल्या गतीनेच सरकते. हे ठाऊक नसल्यामुळे किती जण 'उतरली' म्हणत मोटारसायकलला किक मारतात!

श्रावण पावसाळ्यात येतो, म्हणून त्या मानाने सोपा. खरी परीक्षा वैशाखातली. भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेलेला, अंगाची लाही झालेली, आणि समोर घाम सुटलेली थंड बाटली. त्या क्षणी वाटतं, याहून तहान भागवणारं जगात काही नाही. गंमत अशी की मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. ती मूत्रपिंडांना सतत बजावत असते: पाणी जपा, पाणी जपा. अल्कोहोल नेमका हा निरोप अडवतं. मूत्रपिंडं बापडी समजतात की पाण्याची चंगळ आहे, आणि दारं उघडी टाकतात. पाण्यासाठी ज्या जिल्ह्यात टँकर फिरतात तिथे ही उधळपट्टी!

मग तहान भागल्यासारखं का वाटतं? कारण तहान पोटात भागत नाही. प्यायलेलं पाणी रक्तात उतरून फरक पडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तुमची तहान मात्र मिनिटाभरात शमते. मेंदू तोंडातल्या गारव्यावरून आणि घोटांवरून अंदाज बांधतो आणि आगाऊ पावती फाडतो. त्याच फिलाडेल्फियात २०१६ साली दिसलं की पाणी तेवढंच असलं तरी ते थंड आणि फसफसतं असेल तर तहान जास्त भागल्यासारखी वाटते. म्हणजे वैशाखातल्या त्या पहिल्या घोटाचं स्वर्गसुख थंडाव्याचं होतं आणि चावण्याचं होतं. अल्कोहोल तोवर मेंदूपर्यंत पोचलंही नव्हतं. श्रेय मात्र सगळं त्यानेच लाटलं. (आगाऊ पावतीचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवा: सोडा पिऊन समाधान झालं तरी अंगाला लागणारं पाणी वेगळं प्यावं लागतं.)

आणि उन्हातल्या खऱ्या तहानेला रस्त्याकडेला दहा-पंधरा रुपयांत एक विलक्षण यंत्र मिळतं. लिंबू, साखर, मीठ, पाणी. आजीच्या सरबतात साखरेबरोबर मीठ का? चवीसाठी, असं आजी सांगायची. आतड्याच्या पेशींवर एक दार आहे. साखरेचा एक कण आणि मिठातल्या सोडियमचे दोन कण एकत्र आले तरच ते उघडतं. जोडीने या, नाहीतर परत जा! रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग इथे या दाराची कल्पना मांडली. जोडी आत गेली की तिच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं मोजून केलेलं पाणी पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. सरबताचं प्रमाण जरा नेमकं केलं तर आजारात जीव वाचतो. १ लिटर स्वच्छ पाण्याला चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे पाठच करून ठेवा. आता पुढच्या वेळी हातगाडीवरचा पेला हातात घेताना त्याच्याकडे जरा आदराने बघाल ना?

बरं, एक महिना थांबून शरीराला काय मिळतं? नुसतं पुण्य?

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हे मोजलं. बऱ्यापैकी पिणाऱ्या ९४ जणांनी महिनाभर दारू थांबवली. खाण्यात फरक नाही, व्यायामात फरक नाही. २०१८ साली आकडे छापून आले. इन्शुलिनला न जुमानण्याची शरीराची खोड सुमारे २६ टक्क्यांनी घटली. वरचा रक्तदाब सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास उतरला, वजन दीड टक्का. नेहमीप्रमाणे पीत राहिलेल्या गटात असं काही घडलं नाही. यकृत हा मोठा क्षमाशील अवयव आहे. त्याला सुट्टी द्या, ते ताबडतोब घराची झाडलोट करतं.

माझ्या मित्राचा अनुभव वेगळाच होता. पहिल्या आठवड्यात तो म्हणे, "स्वप्नं कसली पडतात रे!" यालाही कारण आहे. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या पहिल्या भागातली स्वप्नांची झोप दबून जाते, आणि दारू उतरली की पहाटे तीनला डोळे टक्क. दारूचा तो आवर नसला की थकलेली स्वप्नं व्याजासकट वसुलीला येतात. तुम्हालाही तसं झालं तर देवाचा कोप समजू नका.

एक गोष्ट मात्र अगदी गंभीरपणे. हे सारं अधूनमधून पिणाऱ्यांसाठी. ज्यांना सकाळी उठल्यापासून लागते, न मिळाल्यास हात थरथरतात, त्यांनी श्रावणाचा मुहूर्त साधून एकदम बंद करू नये. रोजच्या दारूच्या भाराखाली राहायची सवय झालेला मेंदू, तो भार एकाएकी निघाला की पिसाटतो. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्यांच्यासाठी डॉक्टर हवा, आणि डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणासारखं ठिकाण हवं.

पण अधूनमधून पिणाऱ्या माणसालाही एकट्याने थांबणं जड का जातं, आणि श्रावणात सगळे मिळून थांबले की हलकं का होतं? खान्देशाने याचं उत्तर फार मोठ्या आकारात पाहिलं आहे. १९२२ साली पालघरकडच्या किनाऱ्यावरून एक लाट निघाली. 'सलाबाई' नावाची देवी अंगात येते आणि सांगते: दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारू विकणाऱ्याच्या दारी जाऊ नका. कोणी पुढारी नाही, पत्रक नाही. गावोगाव आदिवासी एकत्र जमत, देवीचं बोलणं ऐकत, आणि लाट पुढच्या गावाला जाई. दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम खान्देशातही ती पसरली. गावंच्या गावं एका रात्रीत थांबली आणि दारूची दुकानं ओस पडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने यावर सबंध पुस्तक लिहिलं आहे. मग १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोद्याकडे मोरवडला गुला महाराजांच्या आरतीला भिल्ल हजारोंनी जमू लागले. शिकवण तीच: दारू सोडा, स्वच्छ राहा. एकमेकांना मानाने 'आप' म्हणा. १९३८ साली महाराज गेले आणि धाकटे बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. हा सगळा मुलूख तेव्हा धुळ्याला मुख्य ठाणं असलेल्या पश्चिम खान्देश जिल्ह्यात होता. कर्ज, सावकार आणि दारूचा मक्तेदार ही साखळी त्या लोकांनी पुरती ओळखली होती. एकट्याने हात मागे घेतला असता तर तो तुसडा ठरला असता. सगळ्यांनी घेतला, तेव्हा पिणाराच एकटा पडला. आमच्या टेबलाची त्यांच्याशी बरोबरी करायची माझी छाती नाही. ते जगण्याची लढाई लढत होते, आम्ही शेव खात होतो. तरी टेबलावर चारही बाटल्यांत गोटी असली की आग्रह करायला कोणी उरत नाही, हेही खरंच.

आता बाजारात बिनदारूची बिअरही आली आहे. ती काय भानगड? आधी खरी बिअर करतात, मग त्यातलं अल्कोहोल काढून घेतात. कसं? उकळून? अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पण तेवढं तापवलं तर बिअरचा काढा होईल. म्हणून भांड्यातली हवा ओढून घेतात. तोरणमाळला पाणी धुळ्यापेक्षा किंचित लवकर उकळतं, तसंच, फक्त कितीतरी पटींनी. हवा पुरेशी कमी केली की अल्कोहोल कोमट बिअरमधूनच उडून जातं. दुसरी पद्धत तुमच्या स्वयंपाकघरातल्या आरओसारखी: दाबाने पडद्यातून गाळायचं. तरी रसिक नाक मुरडतात, कारण वासाचे कितीतरी रेणू अल्कोहोलबरोबर पळून जातात. माझं मत विचाराल तर आमच्या लिंबू-सोड्यापुढे ती फिकीच. आणि ज्याने दारू कायमची सोडली आहे त्याने तिच्यापासून लांबच राहावं. तोच रंग, तोच वास, तोच पेला जुनी ओढ जागी करू शकतो.

जाता जाता एक जळगावची गंमत. बिअर थंड केली की गढूळ होते, प्रथिनांमुळे. पपईच्या चिकातलं पपेन ती प्रथिनं कापून बिअर नितळ करतं. ही युक्ती १९११ सालची. आणि १९७८ साली भवरलाल जैन यांनी जळगावात केळीच्या भुकटीचा एक जुना कारखाना घेऊन त्यात काय काढलं? हेच पपेन. आज त्याच उद्योगसमूहात आंब्याचा रस तयार होतो आणि शीतपेयांसाठी जातो. पपईपासून आंब्यापर्यंत, गिऱ्हाईक कोणत्याही टेबलावरचं असो, कच्चा माल झाडाचाच.

२०२३ साली अधिक महिना आला आणि श्रावण चक्क ५९ दिवसांचा झाला. 'अधिक धरायचा की निजच?' यावर आमच्या टेबलावर असा वाद पेटला की विचारू नका. माझा पारोळ्याचा मित्र दोन्ही धरून बसला. शेवटी पोळा आला, बैलांची शिंगं रंगली, मिरवणूक निघाली, श्रावण संपला. त्या संध्याकाळी आम्ही त्याच्याकडे बघत होतो. त्याने हात वर केला आणि गोटी सोडाच मागवला.

तुम्हीही मागवाल तेव्हा एक करा. बाटलीच्या मानेवर एका बाजूला दोन खळ्या असतात, ती बाजू खाली ठेवून बाटली तिरकी करा. गोटी त्या खळ्यांत अडकते आणि सोडा सरळ तोंडात येतो. उलटी धरलीत तर गोटी घरंगळून पुन्हा दार लावून घेईल.